दुसऱ्या मजल्यावरची पेटी

थोरल्या नातीला जुळं झालं त्याच वर्षी नगरपालिकेची निवडणूक आली, म्हणून घरात ती अजून जुळ्यांची निवडणूक म्हणूनच ओळखली जाते. सून लेकीच्या बाळंतपणाला दुसऱ्या गावी गेली होती. घरात उरली तीन माणसं: टेकू, त्याची बायको आणि त्यांचा मुलगा. सकाळचा चहा कोणी करायचा यावर तिघांत रोज मोठी सभ्य चर्चा होई, आणि ती संपायच्या आत मुलगा मुकाट्यानं उठून आधण ठेवी.

टेकू हे त्याचं खरं नाव नव्हे. लोकांचं घरसामान या घरातून त्या घरात पोचवायचा त्याचा धंदा. आता तो धंदा मुलगा आणि पुतण्या बघत. जिन्यावरून कपाट चढवायचं तर एक माणूस वर लागतो आणि एक खाली. वरचा वाट काढतो, खालचा वजन झेलतो. हा जन्मभर खाली राहिला, म्हणून टेकू. गावातल्या एकाही जिन्यानं त्याच्या कोपरांची सालं काढायची बाकी ठेवली नव्हती. आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. केससुद्धा तो डाव्या हातानं विंचरी, आणि भांग दरवेळी भलतीकडेच पडे.

जिन्यावर ओझं घेतल्यावर बोलायला श्वास पुरत नाही, म्हणून या धंद्यात शब्द थोडे. 'घे' म्हणजे उचल. 'टेक' म्हणजे पायरीवर विसावू दे. 'फिरव' म्हणजे वळणावर कोन काढ. आणि खालचा माणूस 'सोड' म्हणाला, तर वरच्यानं ओढायचं थांबवायचं आणि वजन खालच्याच्या अंगावर येऊ द्यायचं. हात मात्र काढायचा नाही. बाहेरच्या माणसाला हे उफराटं वाटेल. टेकूच्या घरात ते कुणालाच वाटत नसे. ओली चादर पिळताना त्याची बायकोही पलीकडून म्हणे, "सोडा थोडं," आणि टेकू चादर घट्ट धरूनच ढील देई. नव्यानं आलेल्या सुनेनं पहिल्यांदा हे ऐकून चादर चिखलात टाकली होती. त्यावरून घर आठवडाभर हसलं होतं.

बायकोचा खुबा दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. सपाट रस्त्यावर ती काठी टेकत बाजारापर्यंत जाई, भाजीवाल्याशी हुज्जत घालून परतही येई. पण पायरी आली की पाय वर उचलायचाच नाही. लग्नं, बारशी, डॉक्टर, जे जे म्हणून वरच्या मजल्यावर होतं ते ते तिच्या आयुष्यातून एकेक करून गळत गेलं. त्याची तिनं फार तक्रार केली नाही. वरच्या मजल्यावरच्या लग्नात जेवण गारच असतं, एवढंच म्हणायची.

मतदान मात्र तिनं आपण होऊन कधी चुकवलं नव्हतं. पूर्वी मतदानाची खोली वाचनालयाच्या तळमजल्यावर असे. मग वाचनालयानं तळमजला चपलांच्या दुकानाला भाड्यानं दिला आणि मतपेटी चढली दुसऱ्या मजल्यावर. मधल्या पोटनिवडणुकीत म्हाताऱ्या माणसांची पंचाईत झाली, तेव्हा वॉर्डाच्या नगरसेवकानं जिन्याच्या तोंडाशी एक हातांची लाकडी खुर्ची ठेवली आणि चार तगडे कार्यकर्ते उभे केले. पाय अधू असलेले, दम लागणारे, दिवस भरत आलेल्या बायका, सगळ्यांना ती खुर्ची फुकट वर नेई आणि फुकट खाली आणी. तेव्हा टेकूची बायको दवाखान्यात होती. टेकू स्वतः कसाबसा चढून मत देऊन आला आणि तिला म्हणाला, "काम चांगलं केलंय गड्यानं. फक्त धरायची पद्धत चुकीची आहे. पोरांची पाठ जाईल."

पण नंतर शिवणकामवालीचं झालं. ती समोरच्या खोलीत राहायची, एकटी. गल्लीतलं गटार तुंबलं की पाणी आधी तिच्या उंबऱ्यातून आत यायचं आणि मशीनच्या पायडलपर्यंत चढायचं. ती नगरसेवकाच्या कचेरीत गेली आणि जरा तावातावानं बोलली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भरल्या कचेरीत म्हणाला, "काकू, तुमचं वजन माझ्या माणसांनी दोन मजले चढवलं, तेव्हा आम्ही हूं की चूं केलं नाही. आणि तुम्ही आता माझ्यावर आवाज चढवता?" लोक हसले. तीही हसली म्हणे, थोडीशी. घरी आली आणि त्यानंतर गटाराचं नाव तिनं काढलं नाही. पाणी आलं की टेकूची बायको काठी भिंतीला टेकवून तिच्या खोलीत स्टुलावर बसायची आणि फडकं पिळून द्यायची. दोघी पाणी काढायच्या, पण नगरसेवकाविषयी बोलायच्या नाहीत.

म्हणून जुळ्यांच्या वर्षी निवडणूक लागली तेव्हा बायकोनं आधीच सांगून टाकलं. "मी मत देणार आणि त्या खुर्चीत बसणार नाही."

"अगं, खुर्चीत बसवून त्यानं कुणाकडून शिक्का मारून घेतलाय का?" टेकू म्हणाला. "पडद्याआड तू काय करतेस ते कोण बघतंय?"

"पडद्याआड कोणी बघत नाही. पण जिन्यावर सगळं गाव बघतं. त्याच्या खुर्चीतून वर गेले की ते मत त्याचंच, मी कुणालाही दिलं तरी."

"आणि समज, तुला त्यालाच द्यायचं असेल?"

"मग तर मुळीच बसणार नाही. मी देईन ते मी दिलेलं असायला हवं. त्यानं उचलून नेलेलं नको."

टेकूनं यावर बराच वेळ डोकं खाजवलं. त्याला पहिल्यांदा ते बायकी हट्टासारखं वाटलं. मग शिवणकामवालीचं ते थोडंसं हसणं त्याला आठवलं, आणि त्यानं विषय पुढे ओढला नाही.

मुलगा निवडणूक कचेरीत जाऊन आला. खोली खाली आणता येईल का, म्हणून विचारून आला.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"म्हणे पेट्या वरच्या मजल्यावर सुरक्षित राहतात."

"का? चोरांचे गुडघे दुखतात?"

"मी तेच म्हणालो. तो कारकून हसला आणि पुढच्या वेळी बघू म्हणाला."

मग घरात ठरलं की तिला आपणच न्यायचं. सगळ्या गावाच्या तिजोऱ्या आणि आरसे वर चढवणारी माणसं आपण, घरचं माणूस चढवता येऊ नये? पण बायको या बोलण्यावर उखडली.

"मी कपाट नाही."

"आई, कपाटाला आम्ही विचारत नाही. तुला विचारतोय," मुलगा म्हणाला.

"कपाटाला तोंड नाही हे तुमचं नशीब." तिनं अटी घातल्या. गोणपाटात गुंडाळायचं नाही. दोरीनं बांधायचं नाही. घरचीच खुर्ची, बाहेरची कुणाची नाही. "आणि जिन्यावर माझ्याबद्दल 'हे' म्हणून बोलायचं नाही. 'हे फिरव, हे तिरकं कर' असलं काही चालणार नाही."

खाली मुलगा राहणार, वर पुतण्या. टेकूनं नुसतं बरोबर चालायचं. दोन दिवस आधी अंगणात सरावही झाला. शिवणकामवाली दारात उभी राहून बघत होती. खुर्ची उचलली तशी टेकूची बायको म्हणाली, "इथून तुझ्या छपरावरचा कचरा दिसतो गं," आणि दोघी हसल्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी पुतण्या टेम्पो घेऊन नातीकडे गेला. बाळं दोन आणि पाळणा एक, म्हणून दुसरा पाळणा पोचवायला. सकाळी लवकर निघून येतो, म्हणाला होता. सकाळी त्याचा फोन आला. टेम्पो वाटेत बसला होता. "काका, मिस्त्री आलाय. दुपारपर्यंत पोचतोच."

तिघं तरीही निघाले. बायकोचं म्हणणं, जागेवर जाऊन तर बसू. रांग तेव्हा जिन्यावरून उतरून चपलांच्या दुकानासमोरून रस्त्यापर्यंत आली होती. ती रांगेत उभी राहिली, काठी टेकून. रांग सरकत सरकत जिन्याच्या तोंडाशी आली आणि पहिल्या पायरीपाशी ती थांबली. मागच्या माणसाला म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे." त्याच्या मागच्यालाही तेच म्हणाली. चपलांच्या दुकानदारानं मग बाहेर एक बाक टाकून दिला. त्यावर बसून ती येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होती, "व्हा पुढे, माझा माणूस यायचाय."

जिन्यापाशी नगरसेवकाची खुर्ची होतीच. तिच्याजवळचा कार्यकर्ता बोलायला मोठा गोड होता.

"आजी, खुर्ची रिकामी आहे. बसायचे पैसे पडत नाहीत."

"म्हणूनच नको रे बाबा."

"साहेबांनी खास सांगितलंय, टेकूआजोबांच्या घरच्यांना त्रास होता कामा नये."

"त्रास नाही. बाक छान आहे."

दुपार झाली. मुलगा आपलं मत देऊन आला. दुपार कलली. पुतण्याचा पुन्हा फोन आला. मिस्त्री सुटा भाग आणायला गेला होता तो अजून परतला नव्हता. शेजारपाजारची म्हातारी माणसं खुर्चीतून वर गेली, खाली आली. त्यातला निवृत्त पोस्टमन तिच्याजवळ थांबून खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, मला काही हौस नव्हती. पण दम्यानं इलाज नाही." ती म्हणाली, "भावोजी, तुम्हाला कोण काय म्हणतंय?" पण तो निघून गेल्यावर तिनं काठीची मूठ दोन्ही हातांनी दाबून धरली. टेकूला ते दिसलं.

मुलगा म्हणाला, "आई, मी एकटा पाठीवर घेतो."

"मला पाठीवर घेतलंस तर माझा खुबा निखळेल आणि तुझं कंबरडं. डॉक्टर काय म्हणाले होते?"

ऊन उतरलं तसा टेकू उठला. "वर मी धरतो," म्हणाला.

"बाबा, तुमचा हात."

"वरच्याला काय करायचं असतं? वाट दाखवायची. वजन तुझ्यावर आहे."

हे अर्धंच खरं होतं आणि तिघांनाही ते माहीत होतं. पण तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मुलानं घरून आणलेल्या खुर्चीत बसली. मुलानं पट्टा खांद्यांवरून घेऊन खुर्चीच्या पायांखाली अडकवला, मान खाली घातली. टेकूनं मागून पाठीचा दांडा धरला. जन्मात पहिल्यांदा तो जिन्याच्या वरच्या अंगाला उभा होता.

"घे," मुलगा म्हणाला.

पहिला मजला बरा गेला. कार्यकर्ते खालून बघत होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "म्हातारा ऐकत नाही बघ," आणि त्यात कुचेष्टा कमी, कौतुकच जास्त होतं. वळणावर टेकू "फिरव" म्हणाला, आणि बायको खुर्चीतून म्हणाली, "मला की खुर्चीला?" मुलगा हसला तसा पट्टा हलला. "आई, हसवू नकोस."

दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांना लागले आणि टेकूचा उजवा हात बधिर व्हायला लागला. आधी बोटं गेली, मग कोपर. तो डाव्या हातावर ओढत राहिला. बंदोबस्ताचा एक पोलीस शिपाई वरून उतरत होता. तरुण, भल्या चेहऱ्याचा. त्यानं टेकूच्या चेहऱ्याचा उडालेला रंग बघितला आणि काही न विचारता दांडा आपल्या हातात घेतला. "आजोबा, सरका. बसा तिथे."

टेकू सरकला. भिंतीला पाठ टेकून श्वास घेऊ लागला. मुलाची मान खुर्चीच्या बैठकीखाली होती. त्याला फक्त पायऱ्या दिसत होत्या. वरचे हात बदललेत हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. शिपाई ताकदीचा होता आणि जोरात ओढत होता; खालच्याचा तोल जायला लागला. तेव्हा मुलगा, जसं नेहमी म्हणतो तसं, म्हणाला, "सोड."

शिपायानं सोडलं. हातच काढले.

खुर्ची खाली कलंडली. मुलानं छातीवर झेलली, एक गुडघा पायरीवर आपटला, खुर्चीचा पाय कडकन मोडला. बायको घसरत कडेच्या पायरीवर बसती झाली. कोपर भिंतीला खरचटलं. काठी एकेक पायरी वाजवत खाली गेली, पार वळणापर्यंत.

"तुम्हीच म्हणालात सोड," शिपाई म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"सोड म्हणजे सोडायचं नसतं," मुलगा गुडघा धरून म्हणाला.

"मग काय करायचं असतं?"

याचं उत्तर एका वाक्यात देता येईना. टेकू भिंतीशी तसाच उभा होता. शिपायानं दांडा घेतला तेव्हा एक शब्द सांगायचा होता, तो त्याला सुचलाच नाही. हा शब्द दुसऱ्या कुणाला दुसरा कळेल, असं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ते 'सोड' त्याच्या घरात भांड्यासारखं वापरात होतं. सुनेच्या चादरीला तो आठवडाभर हसला होता. आज हसू येत नव्हतं.

तो बायकोजवळ बसला. "लागलं?"

"कोपर. बाकी जिथल्या तिथं आहे."

"चूक माझी."

"चूक मागाहून वाटून घेऊ. आधी मला सांगा, वर किती राहिलं?"

तेवढ्यात खालून नगरसेवकाची खुर्ची आली. दोघांनी उचलून आणली होती, आणि तो गोड बोलणारा पुढे. "आजी, आता तरी. बघा, किती लागलंय तुम्हाला. हट्ट कशाला? आणखी थोडंच आहे."

तिचा पाय पायरी चढणार नव्हता, खुर्ची मोडली होती, पुतण्या कुठेतरी रस्त्याच्या कडेला मिस्त्रीची वाट बघत बसला होता. टेकूला वाटलं, ती आता हो म्हणेल, आणि म्हणाली तर आपण मान खाली घालू, तिला दिसू देणार नाही.

ती कार्यकर्त्याला म्हणाली, "बाळा, खुर्ची जरा बाजूला घे. मला वाट हवी."

मग तिनं जिन्याकडे पाठ केली. दोन्ही तळहात मागच्या पायरीवर टेकले, बरा पाय रोवला आणि बसल्या बसल्याच एक पायरी वर सरकली. थांबली. पुन्हा हात मागे. टेकू एकदम उठून तिच्या पायांशी, खालच्या पायरीवर गेला. एकटा गडी असला की जड पेटी तो अशीच चढवत असे, एकेक पायरी, आणि दर पायरीला खाली टेकू देऊन. त्यानं तिची टाच तळहातावर घेतली, म्हणजे पाय घसरणार नाही.

"अहो, काय करताय? लोक बघतायत."

"माझा धंदा करतोय. घे."

ती वर सरकली. तो पायरी चढला. "टेक," तो म्हणाला. तिनं दम खाल्ला. शिपाई दोघांच्या बाजूनं, हात आखडून, कुठे धरावं ते न कळून चालत होता. मुलगा लंगडत काठी घेऊन आला.

वरचा दरवाजा दिसायला लागला तेव्हा घंटा झाली. मतदानाची वेळ संपली होती.

केंद्राच्या प्रमुख बाई दारात आल्या. शाळेत शिकवत असाव्यात. आवाजावरून वाटत होतं. अशा वेळी जे रांगेत असतील त्यांना चिठ्ठ्या द्यायच्या असतात, शेवटच्या माणसापासून सुरू करून दारापर्यंत, म्हणजे मागाहून कोणी घुसू नये. ज्याच्या हातात चिठ्ठी तो मत देणार, बाकीच्यांनी घरी जायचं. रांग तेव्हा वरच्या बोळकंडीत होती, जिन्याच्या तोंडाशी संपत होती. तिच्या शेपटाला दवाखान्याच्या कपड्यातली एक नर्स होती, दिवसपाळी संपवून तशीच धावत आलेली. आणि नर्सच्या खाली, रिकाम्या जिन्यावर, टेकूची बायको पायरीवर बसलेली.

नगरसेवकाचा प्रतिनिधी आतून आला. "बाई, रांग इथे संपते. त्या आजी जिन्यावर बसल्यायत."

"बसल्यायत खऱ्या," बाई म्हणाल्या.

"बसलेल्या माणसाला रांगेत धरता येत नाही. उद्या कोणी रस्त्यावर बसेल आणि रांगेत आहे म्हणेल."

बाईंनी खाली बघितलं. मोडकी खुर्ची, लंगडा मुलगा, पांढरा पडलेला शिपाई, आणि बायकोची टाच हातात धरून बसलेला एक म्हातारा. त्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही रांगेत आहात का?"

"मी सकाळपासून रांगेत आहे, बाई," ती म्हणाली. श्वास लागला होता, म्हणून तुकड्या तुकड्यानं बोलली. "खाली रस्त्यावर होते. माझ्यापुढची रांग वर चढून गेली, मागचीही गेली. मी तिच्या मागेच येतेय. जरा हळू येतेय, एवढंच."

कोणी हसलं नाही. बाईंनी हातातल्या चिठ्ठ्यांची चळत एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. टेकूला त्यांची अडचण कळत होती. नियमात जिना नव्हता. त्यांनी आता जे करावं ते त्यांच्या अंगावर येणार होतं, आणि तो प्रतिनिधी वहीत काहीतरी लिहायच्या तयारीत उभा होता.

तेव्हा नर्सनं आपली पिशवी खांद्यावर नीट केली, जिना उतरायला लागली, टेकूच्या बायकोला ओलांडून, टेकूला ओलांडून, दोन पायऱ्या खाली जाऊन उभी राहिली.

"शेवटची मी आहे," ती वर बघून म्हणाली. "माझ्यापुढे हे आजोबा, त्यांच्यापुढे ह्या आजी. चिठ्ठी मला द्या आधी. मला घरी जाऊन झोपायचंय."

प्रतिनिधी म्हणाला, "असं कसं?"

"असंच. माझी जागा मी मागे घेतली. त्यात तुमचं काय गेलं?"

बाई खाली उतरल्या. पहिली चिठ्ठी त्यांनी नर्सला दिली, दुसरी टेकूला, तिसरी त्याच्या बायकोला. मग वर जाऊन उरलेल्या रांगेला. प्रतिनिधीनं लिहायचं ते लिहिलं. बाईंनी त्यावर सही केली आणि म्हणाल्या, "जिना वाचनालयाचाच आहे, रस्त्याचा नाही. हेही लिहा."

वर पोचल्यावर शिपायानं आतून एक स्टूल आणलं. टेकूच्या बायकोच्या बोटाला शाई लागली. पडद्याआड जाताना मुलानं काठी दिली. टेकू दारापर्यंत आला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबला. ती आत बराच वेळ होती. आतल्या कारकुनानं मान वर करून बघितलं, बाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. मग कागद पेटीत पडला आणि ती बाहेर आली. घडीवर घडी घालून कागद इतका लहान केला होता की पेटीच्या फटीत सहज शिरला. ती नेहमीच तसं करते, मुलगा नंतर म्हणाला.

खाली उतरताना मात्र तिनं कुरकूर केली नाही. शिपायानं आधी मुलाकडून सगळे शब्द समजून घेतले, दोनदा म्हणून दाखवले, आणि मग वाचनालयाच्या खुर्चीत बसवून दोघांनी तिला अलगद खाली आणलं. "आता कपाट म्हणा नाहीतर टेबल म्हणा," ती म्हणाली. "काम झालंय." पहिल्या वळणावर मुलगा 'सोड' म्हणाला तेव्हा शिपायानं दांडा आणखीच घट्ट आवळला.

घरी आल्यावर शिवणकामवालीनं तिच्या कोपराला पट्टी बांधली. रात्री उशिरा पुतण्या आला आणि दारातच म्हणाला, "काकू, माझ्यामुळे मत गेलं ना?" तिनं शाईचं बोट त्याच्या नाकासमोर धरलं.

निकाल लागला. तोच नगरसेवक पुन्हा निवडून आला, आणि चांगल्या मतांनी आला. टेकूनं पेपर घडी करून ठेवला आणि बायकोला म्हणाला, "एवढं करून काय झालं?"

"काय व्हायचं होतं?"

"पडला असता तर बरं वाटलं असतं."

"तुम्हाला काय माहीत मी कुणाला दिलं?" ती म्हणाली. "त्यालाही दिलं असेल. गटाराचं सोडलं तर दिवाबत्तीचं काम त्यानं वाईट केलेलं नाही."

टेकू तिच्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांचा संसार, पण या बाबतीत तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"म्हणजे खरंच त्याला?"

"मी म्हणाले, असेल."

दोन महिन्यांनी गटार पुन्हा तुंबलं. टेकूची बायको नगरसेवकाच्या कचेरीत गेली. कचेरी तळमजल्यावर होती, म्हणून तिला जाता आलं. शिवणकामवालीला बरोबर घेतली. टेकू बाहेर उभा राहिला. आतला आवाज त्याला ऐकू येत होता, बायकोचा, चढा, भाजीवाल्याशी बोलताना असतो तसा. नगरसेवक मधे काही म्हणायला गेला असावा, कारण ती म्हणाली, "आमचं वजन आम्हीच चढवलं होतं साहेब, तुम्हाला आठवत असेल." यावर कोणी हसल्याचं ऐकू आलं नाही. मग शिवणकामवालीही बोलायला लागली.

गटाराचं काम पावसाच्या आधी अर्धं झालं आणि पावसानंतर पुरं झालं. मतदानाची खोली पुढच्या निवडणुकीतही दुसऱ्याच मजल्यावर होती.

टेकूची बायको त्या निवडणुकीच्या आधीच्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, झोपेतच वारली. शेवटपर्यंत तिनं मत कुणाला दिलं होतं ते कुणाला सांगितलं नाही.